भागीरथीअक्काची भाड्याची गाडी

कुंभकोणम्‌मधल्या मराठी गोतावळ्यात पहिली गाडी आली ती अनंतकृष्णाकडे. लग्नपत्रिका वाटायच्या असोत की कुणाला इस्पितळात न्यायचं असो, पहिला फोन त्यालाच. तो कुरकुरत निघायचा, पण फोन आला नाही तर दिवस सुना जायचा. शुक्रवार मात्र थोरल्या बहिणीचा, भागीरथीअक्काचा. नवरा गेल्यापासून तिला दर शुक्रवारी पट्टीश्वरम्‌च्या दुर्गेच्या दर्शनाला तोच नेत असे.

मग अक्काच्या सुनेनं, सुष्मितानं, तिला फोनवरून गाडी मागवायला शिकवलं.

"अनंता, आज नको येऊस. गाडी बोलावली आहे," अक्का एका शुक्रवारी म्हणाली. पुढच्याही शुक्रवारी तेच. नंतर तर ती सांगेनाशीच झाली.

अनंतकृष्णाला हे झोंबलं. "भाड्याच्या गाडीचा काय भरवसा? ऐन वेळी पाठ फिरवतील. घरची गाडी ती घरची!" तो बायकोपुढे तावातावानं बोलायचा.

"अक्कांची अडचण व्हावी असं वाटतंय का तुम्हाला?" जयश्रीनं विचारलं.

त्याला तसं वाटतच होतं.

एका शुक्रवारी न राहवून तो पट्टीश्वरम्‌ला गेला. देवळाबाहेर गाडी उभी होती. अक्का पुढच्या सीटवर, मांडीवर ओली फुलं, आणि कृष्णमूर्ती नावाच्या तिच्या नेहमीच्या ड्रायव्हरला काहीतरी सांगताना हसून हसून डोळे पुसत होती. अनंतकृष्णाच्या गाडीत ती मागे बसायची, पदर आवरून, मुकाट. तो न भेटताच परतला आणि रात्री जेवला नाही.

आवणी या तमिळ महिन्यातला लग्नमुहूर्ताचा शुक्रवार आला. गावातल्या झाडून सगळ्या गाड्या लग्नांना गेलेल्या. अनंतकृष्णानं सकाळीच गाडी धुतली आणि किल्ली हातात घेऊन वाट पाहत बसला. फोन काही वाजला नाही. शेवटी तोच निघाला, तर अक्का बसथांब्यावर उभी.

"बसनं जाशील, पण मला बोलावणार नाहीस?"

"तुला बोलावलं की तू येतोस रे," अक्का शांतपणे म्हणाली. "पण सारा वेळ घड्याळ बघतोस. फुलांचं पाणी सांडू नको, दार हळू लाव, असं चालूच असतं तुझं. घरी आले की उपकार घेतल्यासारखं वाटतं. तिथं भाडं दिलं की मी मोकळी."

"मग सांगायचं तरी!"

"मला वाटलं, सुटलास एकदाचा."

त्यानं पुढचं दार उघडलं. अक्का क्षणभर थांबली, मग फुलांच्या पिशवीसकट बसली. पाणी सीटवर ओघळलं. तिकडे न बघता त्यानं गाडी सुरू केली.

वाटेत तिला कृष्णमूर्तीचा फोन आला. "आज भाऊ आहे बरोबर," ती तमिळमध्ये म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी या."

अनंतकृष्णानं स्टिअरिंग घट्ट धरलं. "त्या माणसाला एवढं काय सांगतेस?"

"तुझंच की. लहानपणी महामहम तलावात बुडी मारायला घाबरून तू आईच्या लुगड्यात शिरलास, ते."

हे तिनं त्याला स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. त्याला हसू आलं. पण कृष्णमूर्तीनं ते आधी ऐकलं, हे खुपलंच.

"सगळं सांग," तो म्हणाला आणि गाडीचा वेग कमी केला.