पुसलेले नंबर

जोड वरून गुळगुळीत दिसतो, हीच त्यातली भीती. माझी पीएचडी ॲल्युमिनियम न वितळवता जोडण्यावर होती. दोन पट्ट्या टोकाला टोक लावायच्या आणि फिरणारी पोलादी खुंटी सांध्यात दाबायची. घासून घासून धातू मऊ होतो, एकमेकांत कालवला जातो. खुंटीचा वेग चुकला तर आत पोकळी राहते आणि वरून काही म्हणता काही कळत नाही.

खालापूरच्या एका वर्कशॉपात रविवारी मला मशीन वापरायला मिळायचं, ते तिथल्या फोरमनमामांमुळे. आमची रीत अशी, की दर जोडाला खुंटीचा वेग वेगळा ठेवायचा, ओळखायला पट्ट्यांवर मार्करने नंबर घालायचे आणि त्याच पट्ट्या तेल काढायला शाईही पुसणाऱ्या ॲसिटोनने पुसायच्या. केवढा शहाणपणा! एका सकाळी मी दोन जोडांचे नंबरच पुसून बसले. कुठला चार, कुठला पाच, कोण जाणे. मी अंदाजाने लिहून टाकले. चाचणीत त्यातला एकच भक्कम निघाला, आणि त्याचा म्हणून जो वेग मी पेपरात छापला तो त्या अंदाजावरच. पुढे सात महिने माझ्या गाइड सरांचा फोन वाजला की एकच मनात यायचं. कळलं तर प्रबंध गेला, झालं!

मग एका रविवारी मामांनी मला नवी शिडी दाखवली.

"तुझाच वेग लावला गं. भंगारातल्या आखूड पट्ट्या जोडून पायऱ्या केल्या. उद्या टेंपोनं कशेळ्याला घरी नेतो. टाकीतलं पानी बघाया माझी थोरली लेक रोज चढते."

नंबर बरोबरही असतील की, असं मनाला समजावून पाहिलं. गप्प बसावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण तोंडून निघालं, "मामा, नेऊ नका." आणि रडत रडत सगळं सांगितलं.

मामांनी एक पायरी सोडवली, वाइसच्या जबड्यात आवळली आणि हातोडा घातला. तिसऱ्या घावाला ती सांध्यावरच तुटली. आत काडेपेटीतली काडी जाईल एवढी पोकळी होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"कवापासून ठाव हाय तुला?"

"सात महिने."

"आनि मी आज शिडी दाखवली नसती तर?"

प्रबंधाची भीती कुठल्या कुठे गेली होती. मला मामांच्या तोंडाकडे बघायची भीती वाटत होती.