प्लास्टिक हुंगणारा माणूस

डांबराच्या प्लांटवर त्याला सगळे नाकोजी म्हणत. तोंडावर नाकोजीकाका, पाठीमागे नुसतंच नाकोजी, आणि त्याला दोन्ही चालायचं. नाकाच्या जोरावर पोट भरणारी माणसं मुळात थोडी, आणि तीही अत्तराच्या नाहीतर चहाच्या धंद्यात, इस्त्रीच्या कपड्यांत वावरणारी. आमचा नाकोजी मात्र कचरा हुंगायचा.

काम असं होतं. शहरभरातलं टाकाऊ प्लास्टिक, म्हणजे पिशव्या, वेष्टनं, दुधाची पाकिटं, बारीक कातरून पोत्यांतून प्लांटवर यायचं. ड्रममधली खडी चांगली तापली की तिच्यावर हे तुकडे पडायचे, बघता बघता वितळून दगडाला चिकटायचे, आणि मग वरून डांबर. असा रस्ता पाण्याने लवकर उखडत नाही म्हणे. फक्त एक अट होती. रेनकोट, मेणकापड, वायरीचं आवरण, पाइप, असलं पीव्हीसी त्यात जाता कामा नये. ते तापलं की त्यातून असा वायू सुटतो की घशाची आग आग होते. आता कातरलेल्या ढिगात रेनकोट कुठला नि पिशवी कुठली, हे डोळ्यांना कसं कळणार? नाकोजी पोत्याचं तोंड सोडायचा, खांद्यापर्यंत आत वाकायचा, एक लांब श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "जाऊ द्या," किंवा "बाजूला ठेवा." शंका आली तर एखादा तुकडा चिमट्यात धरून लायटरने जाळून बघायचा. नऊ वर्षांत त्याचं एकदाही चुकलं नव्हतं. मुकादम तर उघड म्हणायचा, "मशीन बंद पडलं तर बघून घेऊ, पण काकांना सर्दी व्हायला नको."

सर्दी झाली नाही. ताप आला. चार दिवसांचा साधा ताप, आला तसा गेला, पण जाताना नाकोजीची वासाची जाणीवच घेऊन गेला.

सकाळी आंघोळीला बसला तर साबण हातात नुसताच गुळगुळीत. चहा म्हणजे गरम पाणी. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. सांगायचं कोणाला? दोन खोल्या, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर कपड्यांचा ढीग. महिनाभर वाट पाहून तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, "वास येईलही परत. नाही आला तर सवय करून घ्या." इतकं तर कोणीही सांगितलं असतं.

प्लांटवर मात्र नाकोजीने अवाक्षर काढलं नाही. तुम्ही म्हणाल, हा अप्रामाणिकपणा झाला. झालाच. पण त्या शेडमध्ये दिवसातून चाळीस वेळा कोणी ना कोणी "काका, जरा बघा हो" म्हणून हाक मारायचं, आणि घरी आठ-आठ दिवस त्याला कोणाची हाक ऐकू यायची नाही. ती हाक बंद पडेल, या एका भीतीने त्याने तोंड शिवून घेतलं.

त्याने एक युक्ती काढली. पीव्हीसी ज्योतीतून बाजूला काढलं की झटकन विझतं, पिशवीचा तुकडा जळत राहतो. मग नाकोजी सगळ्यांसमोर पोत्यात वाकायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, मान डोलवायचा, आणि नंतर कोपऱ्यात जाऊन तीन तुकडे जाळायचा. पोती निवडणारी मावशी एकदा म्हणालीच, "काका, हल्ली लायटर फार चालतो. नाक म्हातारं झालं की काय?"

"नाक नाही, तू म्हातारी झालीस," नाकोजी म्हणाला. बायका खिदळल्या. त्याने लायटर खिशात खोल सारला.

आठ महिने निभावलं. मग एका सकाळी एक पोतं आलं. वरचे तीन तुकडे नीट जळले. "जाऊ द्या," नाकोजी म्हणाला. खाली अख्ख्या पोत्यात रेनकोटांची कात्रणं होती. पूर्वीचा नाकोजी पोत्याचं तोंड सोडता सोडताच मागे सरकला असता.

ते खडीवर पडलं आणि मशीनचा ऑपरेटर केबिनमधून ओरडतच खाली उतरला. निवडणाऱ्या बायका तोंडाला फडकी लावून फाटकाकडे पळाल्या. मुकादमाने बर्नर बंद केला. वास सगळ्यांना आला होता, डोळे चुरचुरायच्याही आधी. ड्रमपाशी एकटा नाकोजी उभा होता आणि विचारत होता, "काय झालं? पळताय कशाला?"

मुकादमाने त्याला दंडाला धरून ओढत फाटकाबाहेर आणलं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"काका," मावशी हळूच म्हणाली, "तुम्हाला वास नाही आला?"

"नाही."

"म्हणजे आत्ताच नाही, की..."

"आठ महिने झाले."

कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ऑपरेटरचा खोकला थांबत नव्हता आणि नाकोजीला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मुकादम एवढंच म्हणाला, "सांगायचं होतंत ना, काका. काहीतरी सोय केली असती."

सोय दुसऱ्याच दिवशी झाली. शेडमध्ये पाण्याचं पिंप आलं. प्रत्येक पोतं वर-खाली करून मूठभर तुकडे पाण्यात टाकायचे, ढवळायचे. पिशव्या तरंगतात, पीव्हीसी तळाला जातं. तळाला काही दिसलं की पोतं बाजूला. मावशीला ते पाच मिनिटांत जमलं. नाकोजीला कोणी काढून टाकलं नाही. सावलीत खुर्ची दिली, वेळेवर चहा दिला, "तुम्ही नुसती देखरेख करा" म्हणाले. पाण्याची कसली देखरेख करायची? तीन दिवस तो बसला. तीन दिवसांत "काका, जरा बघा हो" कोणी म्हटलं नाही. चौथ्या दिवशी तो गेलाच नाही.

त्या दुपारी मुलीचा फोन आला. दर आठवड्याला ती जेवणाच्या सुट्टीत फोन करायची. मागे प्लांटच्या मशीनचा खडखडाट असायचा. जेवलात का, जेवलो, तू जेवलीस का, आवाज फार आहे, ठेवते. दोघांनाही ते सोयीचं होतं.

"बाबा, आज मागे आवाज नाही?"

"घरी आहे."

"बरं नाही का?"

आवाज नव्हता, त्यामुळे फोन ठेवायला कारण सापडेना. शेवटी नाकोजी म्हणाला, "मला वास येत नाही गं. कशाचाच. आठ महिने झाले."

तिने मनात महिने मोजले. मग म्हणाली, "म्हणजे मी मधे आले होते, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"बाबा, त्या दिवशी तुम्ही भाजी केली होतीत ना, तिला वास मारत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मिटक्या मारत खात होतात. मला वाटलं, एकटं राहून राहून तुम्हाला असंच खायची सवय झालीय. माझीच मला लाज वाटली. मी सगळी खाल्ली."

"मला कुठली चव कळायला?" नाकोजी म्हणाला. "तू समोर बसली होतीस म्हणून खात होतो."

त्या दुपारी फोन कोणीच ठेवला नाही.