इंगर-लिसचं पहिलं चित्र

"आधी दाखवा, मग बोला," असं इंगर-लिस टार्प नेहमी म्हणायची.

फ्योर्डच्या खाडीकाठच्या लहानशा कार्यशाळेत ती सव्वीस वर्षं स्वमग्न माणसांना काम शिकवत होती. भिंतीवर प्रत्येकाच्या कामांच्या फोटोंची एक पट्टी असे. वरचा फोटो काढायचा, ते काम करायचं, मग फोटो टोपलीत टाकायचा. टोपलीत गेलं ते संपलं. काय नावाच्या चालकाच्या बसमधून ही माणसं तिच्याकडे यायची. त्या पट्ट्यांनी सैरभैर माणसं शांत होताना कायनं पाहिली होती.

त्यांतल्या आस्गरच्या पट्टीवर मात्र सगळ्यात वर तिचा स्वतःचा फोटो होता. पहिल्या दिवशी तो घाबरला, म्हणून तिनं लावला, आणि नंतर काढायचा राहिला. रोज ती समोर दिसली की तो फोटो टाकी आणि कामाला लागे. असं चौदा वर्षं चाललं.

नगरपालिकेनं कार्यशाळा बंद केली. इंगर-लिस निवृत्त झाली, आस्गर पट्टीसकट शहरातल्या मोठ्या कार्यशाळेत गेला. तिथं चार दिवस तो अंगात कोट तसाच ठेवून पट्टीसमोर बसला. दुपारी जेवेना.

बसवाला काय तिच्या दारात गेला. "चल बाई. तुझं लेकरू उपाशी बसलंय."

"चाळीस वर्षांचं लेकरू," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली. बसमध्ये ती एवढंच बोलली, "चूक माझी आहे. मी त्याला काम नाही शिकवलं. मीच त्याचं पहिलं काम होऊन बसले."

मोठ्या कार्यशाळेत आस्गरनं तिला पाहिलं. नेहमीसारखा त्यानं तिचा फोटो काढला, टोपलीत टाकला, कोट उतरवला. काळा पाव खाल्ला आणि मेणबत्त्या खोक्यात भरायला बसला. तिनं टोपलीतला फोटो उचलला आणि आपल्या पिशवीत ठेवला. उद्यापासून त्याच्या पट्टीवर वरचा फोटो कोटाच्या खुंटीचा असणार होता.

"आस्गर," तिनं हाक मारली.

त्यानं मान वर केली नाही. संपलेल्या कामाकडे तो कधीच बघत नसे.

"अधूनमधून येत जा की," दारात थांबलेला काय तिला म्हणाला.

"मी दिसले की पुन्हा माझ्यासाठीच थांबेल. मला आता यायचं नाही."

"बरं, घरी तरी सोडतो."

"नको. चालते."

बंधाऱ्याच्या रस्त्यानं ती वाऱ्याच्या तोंडावर निघाली. काय बसच्या पायरीवर उभा राहून बघत होता. आस्गरची पाठ खिडकीकडे होती.