ताट दिसलं की थांबणारी घोडी

आमचा धंदा वरातीच्या घोड्यांचा. गोवंडीत तबेला. नवरा मेल्यावर वरातीत घोडी मीच न्यायची. वर नवरदेव, मी लगाम धरून पायी. मी सत्तरी ओलांडल्यावर एका रायडिंग क्लासवाल्या बाईने आमची घोडी भाड्याने घेतली. तिनेच मला वर बसायला शिकवलं आणि ज्येष्ठांच्या स्पर्धेत नाव घातलं. हौस होती, मी हो म्हटलं.

भीती होती ती पडायची. सून सकाळीच म्हणाली, "आई, खुबा मोडला तर उचलायचं मलाच आहे. आत्ताच सांगते." चूक काही बोलली नाही.

दुडक्या चालीने पिंपांना वळसे घालायचे, एवढंच होतं. पण शेवटच्या पिंपाजवळ एक बाई मेडलांचं ताट घेऊन उभी होती. वरात मांडवाच्या दारात पोचली की तिथली बाई ताट घेऊन घोडीला ओवाळते, भिजवलेली डाळ चारते. त्यामुळे आमची घोडी ताट दिसलं की जागीच थांबते. पळता पळता थांबली तर मी तिच्या मानेवरून खाली.

संयोजकाला म्हटलं, "ते ताट झाका."

"का हो आजी, घोडीला मेडल पाहिजे का?" तो हसला. ताट तिथेच.

माझी पाळी आली. पहिली पिंपं नीट झाली. "चल गं, आज लग्न नाहीये," मी तिला सांगत होते. शेवटच्या पिंपाशी तिचे कान पुढे झाले. मी आयाळ मुठीत धरली, मागे रेलले. ती थांबली. मी तिच्या मानेवर आदळले, पण खोगीर सोडलं नाही. टाच मारली, तरी हलेना.

"बाई, ओवाळा तिला."

"काय?"

"ताट फिरवा तिच्या तोंडापुढे. लवकर, माझे पाय रिकिबीतून सुटतायत."

बाईने घाबरत मेडलांचं ताट फिरवलं. घोडीने हुंगलं, फुरफुरली आणि चालू लागली.

नंबर शेवटचा. उतरताना क्लासवाल्या बाईने आणि ताटवालीने मला धरलं.

घरी दारात सुनेने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पडलात?"

"नाही. डाळ भिजत घाल. घोडीची राहिलीय."