मावशीचं बोट आणि डाग खाणारी पावडर

मावशीला लॉन्ड्रीत सगळे 'थर्मामीटर' म्हणतात. मशीनवर आकडा दिसतो, पण स्वतः हात घालून पाणी बघितल्याशिवाय ती टबात एक चादर बुडवू देत नाही. शाळा सोडल्यापासून मी तिच्याच हाताखाली आहे. तिला कुणी वाकडं बोललं तर माझ्याशी गाठ.

इस्त्रीच्या रोलरवर तिचं बोट भाजलं आणि चिघळलं. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी जखमेत एक नवं जेल भरलं.

"हे प्रथिनाचं आहे. जखम बिघडली की तिथे एन्झाइम वाढतात. ते याला कुरतडतात, मग आत कोंडलेलं औषध हवं तेवढं बाहेर येतं. नाहीतर गप्प बसतं. हात कोरडा ठेवा, कामावर जायचं नाही."

"म्हणजे वॉचमनच की," मावशी म्हणाली.

पुढच्या खेपेला बाईंनी पट्टी सोडली. जेल नव्हतंच. नुसतं पाणी.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "सगळंच विरघळलं म्हणजे आत खूप बिघडलंय. हाडापर्यंत गेलं असेल तर बोट काढावं लागेल."

मावशी बोटाकडे बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

"हात कशात घातला होता का?" बाई म्हणाल्या.

"छे हो. घरीच होते."

सकाळीच ती टबात कोपरापर्यंत होती, पट्टीसकट. चारचौघांत मावशीला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. पण बोट जात होतं.

"लॉन्ड्रीत होती. पावडरच्या पाण्यात."

"गप बस, कार्टे."

"कसली पावडर?" बाईंनी विचारलं.

"रक्ताचे, अंड्याचे डाग खाते ती."

बाई उठूनच उभ्या राहिल्या. "तिच्यातही एन्झाइम असतात. प्रथिनं तोडणारे. घेऊन ये."

मी लॉन्ड्रीत पळत जाऊन मूठभर आणली. वाटीत ताजं जेल, वर पावडरचं कोमट पाणी. आम्ही तिघी बघत बसलो. आधी कडा बुळबुळीत झाल्या, मग गोळा बसला, मग काहीच उरलं नाही.

"जन्मभर यातच हात घालतेय मी," मावशी पुटपुटली.

बोटाचा एक्स-रे काढला. हाड चांगलं होतं. नवं जेल भरलं, ते टिकलं.

आता मावशी टबाशेजारी स्टुलावर बसते आणि मला ग्लोव्ह घालून हात बुडवायला लावते.

"कसंय?"

"कोमट."

"कोमट म्हणजे केवढं? तोंडात बोळा कोंबलाय का? नीट सांग."