फणसाच्या गऱ्यांना मार्क

सुकवलेल्या फणसाच्या गऱ्यांची चव आणि कुरकुरीतपणा ठेवून ठेवून किती वेगाने उतरतो, याचं गणिती समीकरण मांडणं हा माझा एमएस्सीचा प्रकल्प होता. चवीला मार्क द्यायला माणसं हवीत, म्हणून पेणच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना मी दर रविवारी घरी बोलवायचे. गरे मऊ पडले, काळपट झाले, तरी सगळ्यांचे दहापैकी दहाच! आलेख खाली येईचना.

वैतागून शेजारच्या काकूंना विचारलं, "खरंच चांगले लागतात?"

"नाय गो, चामड्यासारखे लागतात. पण एवढी मेहनत घेतेस, तुला नापास कसं करायचं?"

रोह्याहून आलेली आत्या हे ऐकत होती. ती म्हणाली, "दुकानातून आणलेत म्हणून सांग."

पुढच्या रविवारी तसंच सांगितलं. मार्क धडाधड कोसळले. "कुठलं दुकान? मी येते भांडायला," काकू म्हणाल्या.

मग मी नवे गरे सुकवले आणि पहिल्यापासून दुकानाचंच नाव पुढे केलं. आलेख समीकरणाप्रमाणे उतरला, सर खूश झाले. फक्त अगदी ताज्या, कुरकुरीत गऱ्यांनाही कुणी सहाच्या वर मार्क दिले नाहीत, हे मला जरा लागलं.