मॅडमची मुलाखत

भीक नको पण कुत्रं आवर, ही म्हण मला दिल्लीत येऊन नीट कळली. मागास जमातींतल्या मुलामुलींना पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी तयार करायला एक मराठी मॅडम आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर रविवारी वर्ग घ्यायच्या. फुकट, वर पोहे. त्या समाजशास्त्र शिकवायच्या, नवरा केंद्र सरकारात अधिकारी. मी एम.ए. करून आलेली, एका भटक्या जमातीतली. कोणत्या ते इथे सांगत नाही. मॅडमनी ते दिल्लीभर पुरेसं सांगून ठेवलंय.

घरी कुणी आलं की त्या मला पुढे करायच्या. "ही पालावर वाढलेली बरं का. वडिलांना पोलिसांनी चोर समजून उचललं होतं, विनाकारण." मग वडिलांचं नाव, गावाचं नाव, सगळं. पाहुण्यांचे डोळे भरून यायचे आणि मी पोह्यांची बशी धरून उभी. ही गोष्ट मी विश्वासाने, फक्त त्यांनाच सांगितली होती.

पाहुण्या बायका एकमेकींना मात्र वेगळ्याच रीतीने जोखायच्या. "मूळच्या कुठल्या तुम्ही?" गावाने भागलं नाही तर कुलदैवत. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर माहेरचं आडनाव. जातीचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही, पण चहा संपेपर्यंत कळलेलं असायचं आणि मगच गप्पा सैल व्हायच्या. मला हे कुणी कधी विचारलं नाही. माझं आधीच जाहीर होतं.

मला नेमका याचाच अभ्यास करायचा होता. दिल्लीतली सरकारी नोकरीतली मराठी माणसं जातीचं नाव न घेता जात कशी काढून घेतात, हा विषय मी एका रविवारी सरावाच्या मुलाखतीत सांगितला. मॅडम हसल्या.

"अगं, आमच्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे यार? तू तुझ्या लोकांवर कर. केवढा अनुभव आहे तुझ्याकडे. मीच गाइड होते."

"आणि मला हाच करायचा असेल तर?"

"मग माझ्याकडे बिल्कुल जमणार नाही. दुसरं कुणी घेईल असंही वाटत नाही मला."

गाइड नाही तर प्रवेश नाही. वडिलांना पुन्हा एकदा, या वेळी प्रबंधात, पोलिसांच्या गाडीत चढवायचं किंवा गावी परतायचं, एवढंच उरलं होतं. मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं आणि विषय न बदलता अर्ज भरला.

खऱ्या मुलाखतीत हिंदीतून तोच प्रश्न आला: अपने लोगों पर क्यों नहीं? मी म्हटलं, "सर, मेरे लोगों पर तो सब काम कर रहे हैं. इन लोगों पर कोई नहीं करता." सगळे हसले. त्यातले एक म्हातारे प्राध्यापक चांगल्या अर्थाने हसले, आणि त्यांनीच मला घेतलं.

कामाला लागल्यावर पहिली बेल वाजवली ती मॅडमच्या दाराची. "ये ये," म्हणाल्या. त्यांना वाटलं, आभार मानायला आलेय. मी टेबलावर रेकॉर्डर ठेवला, परवानगी मागितली, त्यांनी हसत दिली.

"मॅडम, मूळच्या कुठल्या तुम्ही?"

गाव झालं. कुलदैवत झालं. माहेरच्या आडनावाशी त्या अडल्या. ओढणी सारखी केली, रेकॉर्डरकडे बघितलं.

"माझं नाव कुठे येणार नाही ना गं? यांच्या ऑफिसात उगाच चर्चा. आणि आई-वडिलांचं तर काहीच नको. घरातल्या गोष्टी आहेत त्या."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. म्हण ओठांवर आली होती, पण गिळली. "नाही येणार," म्हटलं. आमच्या कामाचा तो नियमच आहे.

प्रबंध पूर्ण झाला. त्यात मॅडमना कुणी ओळखू शकत नाही. इथेही मी त्यांचं नाव घेतलेलं नाही. परवा एका सेमिनारमध्ये त्या व्यासपीठावर होत्या. माझ्या वडिलांची गोष्ट सांगत होत्या, नावासकट.